सूर्य बुडायच्या आधीचं पाणी

मुलांनो, गेल्या रमजानात तुम्ही फोनवर विचारलंत, "नानी, भूक सहन होते, पण दिवसभर मन कुठे ठेवायचं?" मी चटकन उत्तर दिलं. नियत साफ ठेवा, जिभेला आवर घाला, नमाज वेळेवर पढा. शाळेत बाई सांगतात तसं ओळीने सांगितलं. फोन ठेवला आणि स्वतःचीच लाज वाटली. इतक्या वर्षांच्या रोज्यांत माझं मन नेमकं कुठे होतं, असं कुणी खोदून विचारलं असतं तर मला खरं उत्तर देता आलं नसतं. एकाच दिवसाचं सांगता येईल. तो दिवस आज लिहिते. घरात आपली बोली दखनी, पण लिहायला माझा हात मराठीतच वळतो. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं, हे मला कळतं; पण त्या भाषेत मला नेहमी बरोबर असायची सवय लागली आहे, आणि या गोष्टीत मी फारशी बरोबर नाही.

मी बेळगावात मॅट्रिक झाले. त्या काळी आपल्यातल्या मुलीने एवढं शिकणं ही नवलाई होती, आणि ती नवलाई लोकांपेक्षा मलाच जास्त वाटायची. लग्न होऊन निपाणीला आले आणि मुलींच्या शाळेत शिकवू लागले. माझं सगळं वेळच्या वेळी. पहाटेच्या सहरीची भांडी आदल्या संध्याकाळीच मांडलेली, रोजा सोडायचं इफ्तारचं सरबत झाकून ठेवलेलं. स्त्रीधर्माचे दिवस सोडले तर लहानपणापासून एकही रोजा चुकवला नव्हता, आणि त्या दिवसांचे राहिलेले रोजेही ईद झाली की सगळ्यांच्या आधी पुरे करून टाकायची. रोजा चालू असताना माझं लक्ष असायचं ते घड्याळावर आणि दुसऱ्यांवर. कोण दुपारी झोपतो, कोण चिडतो, कोण तोंड धुताना जरा जास्तच चूळ भरतो. तहान लागली की मला एक प्रकारचं समाधान वाटायचं, हे आता सांगायला संकोच वाटतो. जणू ती तहान माझ्या नावावर जमा होत होती.

युद्धाची वर्षं होती. त्या सुमारास रमजान आणि भाद्रपद एकाच चंद्रावर येत. मी भावाकडे बेळगावला आले होते आणि तिथेच हिवतापाने धरलं. क्विनाइनने कान वाजत राहायचे, जिना चढताना भिंत धरावी लागायची. ताप उतरला तोवर रमजान लागला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, अंगावर मांस येईपर्यंत उपास नाही. मी दुसऱ्या दिवशी सहरीला उठून बसले.

भावजय चुलीपाशी होती. तिचं बाळ अंगावर पीत होतं, म्हणून त्या वर्षी ती रोजे ठेवत नव्हती. मला पाहून म्हणाली, "आपा, अल्लाह काय तुमच्यासारखा हजेरीपट घेऊन बसलाय? आजाऱ्याला सूट आहे. उद्या निपाणीला निघालात की प्रवाशालाही सूट आहे. दुहेरी सूट असून घेत नाही म्हणजे काय म्हणावं!"

"सूट घेणारे घेतात," मी म्हटलं.

तिने बाळाला दुसऱ्या कुशीवर घेतलं आणि माझ्या ताटात भाकरी वाढली. माझ्या तोंडून काय निघून गेलं हे मला त्याच क्षणी कळलं होतं. पण सहरीची वेळ संपत आली होती आणि मला दोन भाकऱ्या संपवायच्या होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी भावाने मला निपाणीच्या सर्व्हिस मोटारीत बसवून दिलं. ड्रायव्हर हुसेनभाई निपाणीचा, आमच्याच गल्लीतला. "आपांना घरापर्यंत पोचव," भावाने त्याला सांगितलं आणि माझी पेटी टपावर चढवली. पेट्रोल मिळत नव्हतं म्हणून त्या काळी मोटारी कोळशाच्या गॅसवर चालत. मागे एक उंच शेगडीसारखं पिंप असायचं, त्यात कोळसा धुमसायचा, आणि गाडी बिचारी दमेकऱ्यासारखी चालायची. चढ आला की उतारूंनी उतरायचं, हा ठरलेला रिवाज. काकतीपर्यंत मी ठीक होते. पुढे धुराने डोकं भणभणू लागलं. हत्तरगी गेलं, संकेश्वर मागे पडलं, आणि माझी जीभ टाळूला चिकटली. मी डोळे मिटून एकच मागत होते, या अल्लाह, आजचा रोजा तेवढा पार पाड. निपाणी जवळ आली होती. घरी माझे यजमान इफ्तारला वाट पाहत असणार होते.

तवंदीच्या घाटाआधीच गाडी बसली. हुसेनभाई उतरला, पिंपाचं झाकण उघडून बराच वेळ फुंकत राहिला. तोंड काळं झालं. मग माझ्या खिडकीशी येऊन म्हणाला, "आपा, गॅस धरंना. कोळसा ओला निगाला. मी मागच्या गावातनं सुका घिऊन येतो. तुमी त्या मळ्यातल्या घरापाशी बसा, सावली हाय."

बाकीचे उतारू दोघे-चौघेच होते. त्यांनी गाठोडी डोक्यावर घेतली आणि घाटाची वाट धरली. मीही उठले, पण घाट चढणं मला जमणार नव्हतं. नुकती लावलेली तंबाखूची रोपं ओलांडून त्या घराच्या कट्ट्यावर पोचले ती जवळजवळ कोसळलेच.

घर जैन कुटुंबाचं होतं. दारातच एक तरणी सून घागरीच्या तोंडावर दुहेरी फडकं बांधून पाणी गाळत होती. कट्ट्यावर पांढरं लुगडं नेसलेली म्हातारी रस्त्याकडे तोंड करून बसली होती. मला पाहिलं आणि वयाला न शोभेल अशा घाईने उठली.

"पद्मा, पत्रावळ आन गं. भाकरी आन. पाणी आन."

मला वाटलं, माझी अवस्था पाहून तिला दया आली. मी हात जोडले. "अव्वा, मला काही नको. नुसतं बसते. माझा रोजा आहे."

"म्हंजे?"

"उपास आहे. सूर्य बुडाल्याशिवाय पाणीसुद्धा घ्यायचं नाही."

म्हातारीचा चेहरा एकदम उतरला. ती परत खाली बसली. डोंगराकडे पाहिलं. सूर्य अजून दोन हात वर होता. मग माझ्याकडे वळून शांतपणे म्हणाली, "मग नको गं खाऊस. तुजा नेम तुजा, माजा माजा."

मला हायसं वाटलं. आजवर त्या हायसं वाटण्याची मला लाज वाटत आली आहे. मी विचारलंदेखील नाही की तुमचा नेम कोणता. मी पाय पोटाशी घेतले आणि सूर्य किती उतरला ते बघत बसले.

सुनेला मात्र राहवलं नाही. हातातलं फडकं पिळून तिने दांडीवर आपटलं. "झालं! ह्या रोजाच्या, तुमी पर्वाच्या. दोगींच्या मधी माझं जेवान वाळायलंय. अव्वा, सांगा की ह्यास्नी. का मीच सांगू?"

"गप गं."

"गप काय! बाई, आमचं भादव्याचं पर्व चालू हाय. दहा दिस अव्वा एकडाव बसून जेवत्यात, पाणीबी तवाच, तेबी दिस हाय तवर. दिवा लागला की सगळं बंद. वर आनि नेम धरलाय, दारात आलेल्या एका मानसाला वाढल्याबिगर आपुन घास घ्यायचा न्हाय. काल दुपारी एक गोसावी आलता, तवा जेवल्यात. त्येच्या मागनं पाण्याचा थेंब न्हाय. आज सकाळपास्नं ह्या दारात कुत्रं फिरकलं न्हाय."

"गाईला घातलं असतं तर?" मी विचारलं. एवढंच मला सुचलं.

"घातलं की. अव्वा म्हंत्यात गाय आपलीच हाय, परकं मानूस पायजे. आनि आलं ते असलं!" ती माझ्याकडे बघून हसली. रागाने नव्हे, पण हसली.

म्हातारी तिला म्हणाली, "पोरीला लाजवू नगंस. तिचं अंग बग कसं कापाय लागलंय." आणि मग मला म्हणाली, "उद्या खाईन की मी. उद्या कोन तर येतंय."

म्हणजे मी खाल्लं नाही, तर तिचा हा दिवस कोरडा जाणार होता, रात्र जाणार होती, आणि उद्या कोणी येईपर्यंतचा वेळही. दोन हात सूर्य उरला होता. मी जे करायचं ते त्याच्या आत.

तेव्हा माझ्या मनात काय आलं ते लिहिते. आधी आलं, हिने आपला नेम मोडावा; म्हातारी आहे, देव रागावणार नाही. हीच गोष्ट भावजयीने मला सांगितली होती, आणि तिला मी काय उत्तर दिलं होतं? मग आलं, पत्रावळ बांधून घ्यावी, सांगावं की पुढे जाऊन खाते. तसं मी म्हटलंही. म्हातारी मान हलवून म्हणाली, "घास पोटात गेलेला बगाय लागतंय गं." आणि मग आला सगळ्यांत क्षुद्र विचार: एवढा अख्खा दिवस काढला, आता इतकंच तर राहिलंय, आता सोडला तर सगळा वाया. कवडीचुंबक माणूस हातातून काही सुटताना जसा विचार करतो तसा. मला सूट होती, डॉक्टरांचा हुकूम होता, समोर तहानलेली म्हातारी होती, आणि मी माझी पुंजी सांभाळत बसले होते.

पद्माने माझ्या पायांवर घालायला तांब्याभर पाणी आणलं. म्हातारीने ते तिच्या हातातून घेतलं आणि वाकून स्वतः माझ्या पायांवर ओतलं. ते ओतताना तिचे ओठ मी पाहिले. सुकून पांढरे पडले होते, कडांना चिरा होत्या. तिने ओठांवरून जीभ फिरवली, आणि जीभही कोरडीच होती. त्या दिवशी सकाळपासून मी माझ्या जिभेखेरीज दुसऱ्या कुणाच्या जिभेचा विचार केला नव्हता. तिची तहान माझ्या तहानेपेक्षा जुनी होती, आणि त्या तहानेने ती माझे पाय धूत होती.

"अव्वा, पाणी द्या," मी म्हटलं.

"सूर्य हाय अजून."

"असू दे."

ती थांबली. "माज्यासाटी नको गं. तुजा देव मला बोल लावंल."

"मी आजारी आहे. मला सूट आहे," मी म्हटलं. हे शब्द बोलायला मला किती जड गेलं, ते तुम्हाला कसं सांगू? सूट घेणाऱ्यांत मी आता बसले होते.

आपलं भांडं ती मला देणार नव्हती, हे मला ठाऊक होतं. पर्वाचं सोवळं असतं, आणि त्या काळी तो सगळ्यांचाच रिवाज होता. मी ओंजळ पुढे केली आणि तिने वरून धार धरली. मी प्याले. माझ्या घशाकडे ती एकटक पाहत होती, पाणी उतरतंय की नाही ते. मग पत्रावळीवर ज्वारीची भाकरी आली, मुगाचं वरण आलं, त्यावर तूप. चार घास खाल्ले तेव्हा माझे हात कापायचे थांबले. अजून थोडा वेळ मी तशीच बसले असते तर काय झालं असतं, ते मला सांगता येत नाही; डॉक्टरांनी सांगितलं असतं. मी मान खाली घालून खात होते. पश्चिमेकडे बघायची माझी हिंमत नव्हती.

मग म्हातारी जेवायला बसली. सूर्य डोंगराला टेकत आला होता, पद्मा दारात उभी राहून "अव्वा, आटपा, अव्वा, आटपा" करत होती, आणि म्हातारी मात्र एक एक घास चावून खात होती, जशी काही सगळी संध्याकाळ तिच्यासाठी थांबणार आहे. शेवटी तिने पाणी पिऊन तोंड पुसलं, हात जोडून डोळे मिटले. तिने ते उघडले तेव्हा डोंगरावर नुसता तांबूस उजेड उरला होता.

त्याच वेळी हुसेनभाई कोळशाचं पोतं खांद्यावर घेऊन आला. पोतं टाकून धावतच कट्ट्यापाशी आला. खिशातून रुमाल काढला, त्यात कागदात गुंडाळलेला एक खजूर होता. युद्धात खजूर दिसायलाही मिळत नसे. "घ्या आपा, वेळ झाली. तुमच्यासाटी राखून ठेवलाय. मला पाणी पुरतंय."

त्याचाही रोजा होता. दिवसभर तो धूर गिळत होता, कोळशासाठी गावापर्यंत चालत जाऊन आला होता, आणि मी एकदाही विचारलं नव्हतं. सरळ आहे, मी विचारायचं कशाला. मला तो नुसता ड्रायव्हर दिसला होता.

खजूर घेतला असता तर कुणाला काही कळलं नसतं. पद्मा आत होती, म्हातारीचे डोळे परत मिटले होते. घरी यजमानांना, शाळेत, गल्लीत, सगळीकडे माझा रोजा शाबूत राहिला असता. माझा हात अर्धा पुढे गेलाही होता.

"हुसेनभाई, मी सोडलाय रोजा. मघाशीच. सूर्य असताना."

मला वाटलं, आता हा मान फिरवील. तो काळ्या तोंडाने हसला. "बरं केलंसा. एकच होता, देताना जीव वर-खाली होत होता माजा!" आणि खजूर तोंडात टाकून बिस्मिल्लाह म्हणत तो पाण्याकडे गेला.

मी हसलेही आणि रडलेही. पद्माला वाटलं मला परत ताप भरला.

घरी पोचल्यावर यजमानांना सगळं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "आता बरं वाटतंय ना?" पुढचे रोजे मी ठेवले नाहीत. शरीर सुधारल्यावर थंडीत ते एकेक करून पुरे केले, कुणाला न सांगता. भावजयीची माफी मागायला बेळगावला गेले, तर तिला ते वाक्य आठवतही नव्हतं. निदान तसं ती म्हणाली.

पुढच्या वर्षी रमजान आणि भाद्रपद पुन्हा बरोबरच आले. तेव्हा तुमची आई माझ्या पोटात होती, आणि सासूबाईंनी रोज्याचं नावही काढू दिलं नाही. शाळेत मी दार लोटून डबा खायची. बाहेर मुलींना वास येई आणि मी घास चावायचा आवाजसुद्धा दाबत असे. वर्षभरात शहाणपण आलं म्हणावं, तर ते असं. पर्वातल्या एका दिवशी शाळेला सुटी होती. दुपारी मी हुसेनभाईच्या मोटारीत बसले आणि घाट उतरल्यावर त्या मळ्यापाशी उतरले.

म्हातारी कट्ट्यावरच होती, रस्त्याकडे तोंड करून. नजर बरीच मंदावली होती. "कोन गं?" तिने विचारलं.

वाटेत मी सगळं नीट जुळवून ठेवलं होतं: नाव सांगायचं, गेल्या वर्षीची आठवण द्यायची, आभार मानायचे. तिच्यासमोर उभी राहिले आणि त्यातलं काहीच आठवेना. रमजानातली भर दुपार होती, रस्त्यावरून लोक जात होते.

"अव्वा, भूक लागलीय," मी म्हटलं.

तिने पुढे काहीच विचारलं नाही. आतून पद्मा आली, मला ओळखलं आणि खो खो हसली. "अव्वा, ह्या औंदा दिस वर हाय तवरच आल्या बगा!"

मुलांनो, मन कुठे ठेवायचं, याचं उत्तर मला आजही नीट देता येत नाही. एवढं कळलं की मी ते माझ्या रोज्यावर ठेवलं होतं, आणि ज्याच्यासाठी रोजा ठेवायचा त्याने तोच माझ्या हातून अलगद काढून घेतला. मागितला तसा तो पार पडला नाही, त्याबद्दल अल्लाहचे आभार मानते. माझी लाज गेलेली नाही. तुम्ही ठेवलेले रोजे तुमची आई फोनवर सांगते तेव्हा मला अजून अभिमान वाटतो, आणि मग मी गप्प बसते. त्या दुपारी मात्र मी कट्ट्यावर बसून पोटभर जेवले. अव्वाने शेवटचा घास उतरेपर्यंत पाहिलं, मग पद्माला म्हणाली, "आता मला वाड."